‘कामगार’ म्हणजे कोण? : युरोपीय संघातील स्थलांतरितांचे हक्क आणि शब्दार्थ

शब्दाचा व्यावहारिक अर्थ व पारिभाषिक अर्थ यांतील भेद आपणांस परिचित आहे. त्या भेदावर माणसाचे घर, नोकरी आणि निवृत्तिवेतनही कसे अवलंबून असते, हे येथे पाहू.

१९५७ च्या रोम कराराने मुक्त संचाराचा हक्क ‘कामगारा’ला दिला, परंतु कामगार कोणास म्हणावे, हे त्यात सांगितलेले नव्हते. प्रत्येक देशाने आपल्या सोयीची व्याख्या केली असती, तर हा हक्क कागदावरच राहिला असता. म्हणून युरोपीय न्यायालयाने अर्थनिश्चितीचे काम स्वतःकडे घेतले. निर्वाहापुरतेही वेतन न मिळणारी, परंतु खरोखर काम करणारी अर्धवेळ व्यक्ती ‘कामगार’च होय, असे १९८२ च्या निवाड्याने ठरविले. काही काळ, दुसऱ्याच्या निर्देशाखाली, मोबदल्यासाठी काम करणे ही लक्षणे १९८६ मध्ये निश्चित झाली.

पुढे मास्ट्रिख्ट कराराने ‘संघाचा नागरिक’ ही अधिक व्यापक संज्ञा आणली. तथापि २००४ च्या निर्देशानुसार पहिल्या तीन महिन्यांनंतर राहण्यासाठी काम, किंवा पुरेसे उत्पन्न व आरोग्यविमा असावा लागतो. सलग पाच वर्षांच्या वैध वास्तव्यानंतर कायम निवासाचा हक्क मिळतो. काम न शोधणाऱ्या एका रुमानियन स्त्रीला जर्मनी निर्वाहसाहाय्य नाकारू शकते, असा निवाडा २०१४ मध्ये झाला. माझ्या मते, ‘नागरिक’ या शब्दाच्या आत जुना ‘कामगार’ अजूनही दडलेला आहे.

‘लाभ’ हा शब्दही जपून वापरावा. निर्वाहसाहाय्य वेगळे आणि वर्गणी भरून मिळविलेले निवृत्तिवेतन वेगळे. स्पेनमध्ये दहा व जर्मनीत वीस वर्षे काम केलेल्या व्यक्तीची पात्रता ठरविताना दोन्हीकडील काळ एकत्र धरता येतो, आणि प्रत्येक देश आपल्या वाट्याचे वेतन देतो.

हा विषय आपल्यापासून फार दूर नाही. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना विशिष्ट अटींवर पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकते. त्या आधारे अनेक गोमंतकीय इंग्लंडमधील स्विंडन येथे स्थायिक झाले. त्यासाठी त्यांना भारतीय नागरिकत्व सोडावे लागले. ब्रेक्झिटनंतर ३१ डिसेंबर २०२० ही तारीख निर्णायक ठरली. त्याआधी ब्रिटनमध्ये राहू लागलेल्यांना निवासाचा दर्जा मागता आला. नंतर प्रथमच येणाऱ्याच्या हाती तोच पासपोर्ट असला, तरी काम करण्यासाठी त्याला सामान्यतः व्हिसा लागतो. लिस्बन वा पॅरिसमध्ये मात्र त्या पासपोर्टाचे मोल पूर्वीइतकेच आहे.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील शासकीय अर्ज मिळवा. त्यांत ‘रहिवासी’, ‘लाभार्थी’ व ‘कामगार’ या शब्दांचे अर्थ कोणत्या अटींनी मर्यादित केले आहेत, ते उदाहरणांसह लिहा.