पशुपालन सल्ला : घर बदललं, कुत्रा जुन्या घराकडे पळतोय – काय करायचं?



रब्बीच्या कामासाठी गावातलं घर सोडून मळ्यातल्या वस्तीवर राहायला जाणारे आपले बरेच सभासद आहेत. कुणी रानात नवीन घर बांधलं, कुणी वाटणीनंतर तिकडे गेलं. माणसं जातात, गुरं जातात, मागोमाग कुत्राही जातो. दोन दिवसांनी सकाळी बघावं तर साखळी रिकामी.

बहुतेक वेळा तो जुन्या घराच्या ओट्यावर सापडतो. पण मधल्या वाटेत डांबरी रस्ता असतो, कठडा नसलेल्या विहिरी असतात, दुसऱ्या वस्तीवरची कुत्री असतात. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, सिन्नर, निफाड या पट्ट्यात तर उसात बिबट्याही असतो. त्यामुळे दरवेळी तो सापडेलच असं नाही. वस्तीवर राखणीला कुत्रा नसणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

*आजच्या सल्ल्यातली मुख्य गोष्ट :* पहिले तीन आठवडे कुत्रा मोकळा सोडायचा नाही. पण नुसता बांधूनही ठेवायचा नाही. या तीन आठवड्यांत नवीन जागा त्याला "आपली" वाटायला लावायची.

*१) तो का पळतो?*

"एवढं खाऊ घातलं तरी बेइमान निघाला," असं आपण म्हणतो. तसं नसतं. कुत्रा घर ओळखतो ते वासावरून, ठरलेल्या जागेवरून आणि ठरलेल्या वेळेवरून. नवीन वस्तीवर यातलं काहीच ओळखीचं नसतं. मोटारीचा आवाज वेगळा, रात्रीचा अंधार वेगळा, शेजारची कुत्री अनोळखी. मुळातच भित्रा कुत्रा अशा वेळी एकच गोष्ट करतो : जिथे सुरक्षित वाटत होतं तिकडे धाव घेतो. दोन-तीन किलोमीटरची वाट त्याला सहज सापडते.

म्हणजे त्याला रागावून उपयोग नाही. त्याची भीती कमी झाली तरच तो टिकतो.

*२) जायच्या आधी ही तयारी करा*

• गळ्यातला पट्टा तपासा. पट्टा आणि मान यांच्यामध्ये तुमची दोन बोटं बसली पाहिजेत, जास्त नाही. घाबरलेला कुत्रा मागे रेटा देतो आणि सैल पट्ट्यातून डोकं काढून घेतो.
• जमलं तर छातीवरून बांधायचा पट्टा घ्या. तो सहसा निसटत नाही आणि गळ्याला फासही बसत नाही. फिरवताना एक दोरी गळपट्ट्याला आणि एक छातीच्या पट्ट्याला लावा.
• पट्ट्यावर न पुसणाऱ्या शाईने तुमचा मोबाईल नंबर लिहा.
• कुत्र्याचे दोन फोटो फोनमध्ये ठेवा : एक तोंडाचा, एक पूर्ण अंगाचा, कानाची किंवा शेपटीची खूण दिसेल असा.
• तो ज्या गोणपाटावर किंवा जुन्या घोंगडीवर झोपतो, ती *धुवू नका*. तशीच सोबत न्या. त्या वासाचा त्याला मोठा आधार असतो.
• शक्य असेल तर आधी दोन-तीन वेळा त्याला दोरीने नवीन वस्तीवर फिरवून आणा आणि तिथेच भाकरी घाला.

*३) सामान हलवायचा दिवस*

गडबड, माणसं, भांड्यांचा आवाज यात कुत्रा बिथरतो. त्या दिवशी त्याला एका खोलीत कोंडून ठेवा आणि सगळ्यात शेवटी न्या. उघड्या ट्रॉलीत गळ्याला दोरी बांधून कधीही नेऊ नका. त्याने उडी मारली तर फास बसतो. पिकअपमध्ये किंवा जीपमध्ये घरच्या माणसाने त्याला धरून बसावं. गाडीचं दार उघडण्याआधी दोरी हातात घ्या. बरेच कुत्रे इथेच निसटतात.

शांत राहावा म्हणून माणसाची झोपेची किंवा दुखण्याची गोळी देऊ नका, ती जिवावर बेतू शकते. फारच बिथरत असेल तर पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारा.

*४) पहिले तीन दिवस*

• घराच्या किंवा गोठ्याच्या एका शांत कोपऱ्यात त्याची जागा करा. जुनं गोणपाट तिथेच टाका, पाणी तिथेच ठेवा.
• खायला पूर्वीच्याच वेळेला, पूर्वीच्याच भांड्यात आणि शक्यतो त्याच माणसाने घालावं.
• तो कोपऱ्यात बसून राहिला, खाल्लं नाही, तर ओढून बाहेर काढू नका. एक दिवस कमी खाल्लं तर चालतं. पाणी मात्र प्यायला हवं. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना दाखवा.
• पाहुणे आणि शेजारची पोरं बघायला आली तर लांबून बघू द्या. घाबरलेला कुत्रा चावू शकतो.
• वस्तीवर झटका मशीन असेल तर कुत्र्याच्या जाण्या-येण्याच्या बाजूला त्याला लांबच ठेवा. नवीन जागेत पहिल्याच दिवशी झटका बसला तर तो त्या जागेचीच धास्ती घेतो.

*५) तीन आठवडे : रोज थोडं थोडं*

सकाळ-संध्याकाळ दोरीने फिरवा. आधी घराभोवती, मग खळ्यापर्यंत, मग बांधाने पूर्ण रानाला फेरी. घाईने ओढत नेऊ नका, त्याला वास घेऊ द्या. बांधावर, झाडाच्या बुंध्याशी तो लघवी करतो ते खुणा करण्यासाठी. त्या खुणा झाल्या की रान त्याच्या ओळखीचं होतं. *फेरी नेहमी घरी येऊनच संपवा आणि घरी आल्यावरच खायला घाला.* "या घरी आलं की भाकरी मिळते" हे त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे.

हाक मारल्यावर येण्याची सवयही याच दिवसांत लावा. लांब दोरीवर सोडा, एकदाच नावाने हाक मारा, आला की चतकोर भाकरी द्या. आला नाही तर दोरी झटकून ओढू नका. तुम्हीच खाली बसा, येईल.

शेजारच्या वस्तीवरची कुत्री अंगावर येत असतील तर शेजाऱ्याशी बोलून दोघेही आपापला कुत्रा दोरीला धरून अंतर ठेवून एकत्र चाला. चार-पाच दिवसांत त्यांची ओळख होते.

फिरवताना एक खबरदारी : गव्हात किंवा इतर पिकात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचं आमिष टाकलं असेल तर कुत्रा तिकडे नेऊ नका. शेजाऱ्यालाही विचारून घ्या. नवीन कुत्र्याला काय खाऊ नये हे माहीत नसतं.

*६) दिवसभर साखळी नको, रात्री बाहेर बांधणं नको*

"मोकळा सोडायचा नाही" याचा अर्थ आखूड साखळीवर दिवसभर टांगून ठेवणं असा नाही. असा कुत्रा जास्त बिथरतो, चावरा होतो आणि संधी मिळाली की पहिला पळतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसारही फार आखूड किंवा जड साखळीवर बराच वेळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हा गुन्हा आहे. सावलीत लांब दोरी द्या किंवा जाळीचा बंदिस्त गोठा असेल तर त्यात मोकळा ठेवा.

रात्रीचं मात्र फार महत्त्वाचं. बिबट्याच्या भागात बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आयतं भक्ष्य. त्याला पळताही येत नाही. रात्री कुत्रा दार लागणाऱ्या खोलीत किंवा वरून-बाजूने बंद असलेल्या गोठ्यात ठेवा. आतून भुंकला तरी तुम्हाला जाग येतेच, राखण होते. ऊसतोड सुरू असेल तेव्हा तर हे चुकवूच नका, कारण लपायची जागा गेल्यावर बिबट्या वस्तीजवळ फिरतो.

*७) मोकळा कधी सोडायचा?*

या चार गोष्टी दिसल्या की :
✔ वेळेवर पोटभर खातो
✔ शेपटी पायात न घालता फिरतो
✔ हाकेला लगेच येतो
✔ अनोळखी माणूस आला तर लपत नाही, *भुंकतो*

भुंकणं ही चांगली खूण आहे. ही जागा आपली आहे, असं तो सांगतोय. आधी खाण्याच्या वेळेआधी अर्धा तास सोडा, म्हणजे भुकेने परत येईल. मग वेळ वाढवा. काही कुत्र्यांना तीन आठवडे पुरतात, फार भित्र्याला दोन-तीन महिनेही लागतात. फटाके, लग्नाची वरात, डीजे असेल त्या दिवशी रुळलेला कुत्राही आतच ठेवा.

नर कुत्रा भाद्रपदात मादीमागे लांब जातो, तो भीतीने नाही. त्यावर नसबंदी हाच उपाय. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

*८) पळालाच तर*

• मोटारसायकल मागे घालू नका. पाठलाग झाला की तो आणखी लांब जातो.
• आधी जुन्या घरी फोन करा. तिथल्या शेजाऱ्यांना सांगा : "हाकलू नका, दार लावून घ्या आणि मला कळवा."
• मग मधली वाट पाहा. पहाटे आणि तिन्हीसांजेला, शांतपणे, एक-दोन घरच्याच माणसांनी.
• दिसला तर त्याच्याकडे धावू नका. थोडं बाजूला वळून खाली बसा, नजर रोखू नका, हळू आवाजात नाव घ्या, भाकरी टाका.
• दिसला नाही तर शेवटी जिथे दिसला तिथे त्याचं गोणपाट आणि पाणी ठेवून या. वासावर तो तिथे परत येऊ शकतो.
• फोटो गावच्या ग्रुपवर टाका. विहिरीत डोकावून बघा.

*सापडल्यावर मारू नका.* तो पळाला म्हणून आपण मारतो, त्याला मात्र कळतं ते "माणसाजवळ आलो म्हणून मार बसला". पुढच्या वेळी तो जवळच येणार नाही.

*९) रेबीजची लस झाली आहे का?*

नवीन जागेत कुत्र्यांची भांडणं होतातच. पहिली लस तीन महिन्यांच्या वयाला, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. कुणाला कुत्रा चावला किंवा दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. हळद, चुना, तिखट काही लावू नका. रेबीज झाल्यावर इलाज नाही, पण वेळेत लस घेतली तर तो टळतो.

कुत्रा किंवा जनावर आजारी असेल तर पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर : *१९६२*

मंडळी, हा संदेश जपून ठेवा. आपल्या गटात कुणी वस्तीवर राहायला जाणार असेल तर त्यांना सामान हलवायच्या *आधी* पाठवा. काही अडलं तर कुत्र्याचं वय, किती दिवस झाले आणि काय करतोय एवढं सांगून याच नंबरवर व्हॉइस मेसेज टाका.

– आपल्या कंपनीचा पशुपालन सल्ला विभाग