खुर्च्या मोजतो, मग 'फर्निचर्स' का चुकलं?

प्रश्न : मुलीनं इंग्रजीच्या पेपरात 'फर्निचर्स' लिहिलं आणि गुण गेला. खुर्च्या-टेबलं तर मोजता येतात ना?
– एक आई, पाटण

उत्तर : ताई, शंका रास्त आहे. पण हे वस्तूवर नाही, भाषेच्या रिवाजावर ठरतं. पैसे आपण रोज मोजतो, तरी 'मनी' अगणनीय. 'कॉइन' मात्र गणनीय. मराठीत तरी 'माहिती'चं 'माहित्या' कुठे होतं? तिला 'सम फर्निचर' किंवा 'टू पीसेस ऑफ फर्निचर' लिहू दे. 'ॲडव्हाइस', 'लगेज', 'होमवर्क' यांचंही तसंच. नुसती यादी पाठ करणं मात्र फसवं : 'पेपर' म्हणजे कागद अगणनीय, वर्तमानपत्र गणनीय. विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी शब्दकोशात नामापुढे 'सी' (गणनीय) किंवा 'यू' (अगणनीय) हे अक्षर असतं. अडलं की तेच बघावं.