पिवळ्या कलांचोची फांदी

अगं, गालिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारातून पिवळी कलांचो आणलीस, फार छान केलंस. आता दीड-दोन महिने ती फुललेलीच राहील आणि तुला काही शिकवायची गरज पडणार नाही. गरज पडेल ती चैत्रापासून. हे झाड कलकत्त्याच्या थंडीने मरत नाही, उन्हानेही सहसा मरत नाही. ते आषाढात, कुंडीतल्या ओलीने सडून मरतं. म्हणून मी तुला सांगते आहे ते सगळं पावसाआधीच्या तयारीचं.

हे झाड मादागास्कर बेटाच्या उत्तरेकडच्या त्सारातानाना डोंगरातलं. मूळ जातीची फुलं लालभडक. पॉट्सडॅमच्या रॉबर्ट ब्लॉसफेल्ड नावाच्या रोपवाटिकावाल्याने 1932 मध्ये ते युरोपात विकायला आणलं. पिवळा, केशरी, गुलाबी हे रंग पुढे संकरातून आले. मुळाशी पाणी साचलेलं या झाडाला अजिबात सोसत नाही, आणि आपल्याकडे नेमकं ते गंगेच्या चिकणमातीच्या गोळ्यात बसवून विकतात. फुलं आहेत तोवर त्या गोळ्याला हात लावू नकोस. फुलं सुकली की दांडे खुडून टाक, गोळा हलक्या हाताने मोकळा कर आणि मातीच्या कुंडीत नवी भर घाल: बागेतली माती, जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं पानांचं खत सारख्या मापाने, वर त्याच्या निम्मा विटांचा चुरा. चुरा चाळून धूळ काढून टाक, नाहीतर तीच धूळ पुन्हा चिखल करते. वरून तांब्याभर पाणी ओतलं की ते लगेच खालून निघून गेलं पाहिजे. कुंडीखालची ताटली काढूनच टाक.

पाणी कधी घालायचं ते पान सांगतं. खालचं जाड पान दोन बोटांत धरून पाहा. मऊ पडलंय, थोडं सुरकुतलंय, पण रंग हिरवा आहे, तर झाडाला तहान लागली आहे. पान पिवळट, पाणीदार आणि आरपार दिसेल असं झालं असेल, तर पाणी जास्त झालंय. मग आठवडाभर तांब्या उचलायचा नाही. वैशाखात सकाळचं कोवळं ऊन पुरे. कालबैशाखीचं वादळ वायव्येकडून येतं, तेव्हा त्या बाजूच्या कठड्यावर कुंडी ठेवू नकोस. पाऊस सुरू झाला की छज्ज्याखाली, पण वारा खेळेल अशा जागी. बंद खोलीच्या कोपऱ्यात नको, तिथे भुरी धरते.

आता फांदीचं. जुनं झाड पावसाळ्यातून निघेलच याची खात्री कुणी देऊ नये, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये नवे कोंब आले की फांद्या लावायच्या. फुलाचा दांडा नसलेला, बोटभर लांबीचा शेंडा धारदार पात्याने काप आणि कापलेली जागा नीट बघ. ती सगळीकडे एकसारखी हिरवट-पांढरी असली तर फांदी निरोगी. मध्ये तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं, तर सड आत शिरली आहे; स्वच्छ भाग लागेपर्यंत वर वर कापत जा आणि दर वेळी पातं पुसून घे. खालची पानं काढ आणि फांदी सावलीत कागदावर उघडी ठेव. पुस्तकांत दोन दिवस लिहितात. इथल्या दमट हवेत तीन-चार दिवस लागतात. जखमेवर कोरडी साय धरली की मगच मातीत.

लावायला चहाच्या टपरीवरचं मातीचं भांड वापर. बुडाला भोक पाड, वाळू-विटांचं मिश्रण भर, फांदी जेमतेम उभी राहील इतकीच खोच. पहिले काही दिवस पाणी नाही, मग अगदी बेताचं. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. भांड कच्चं भाजलेलं असतं, ओलीने विरायला लागतं. ते विरायच्या आत रोप कुंडीत हलव.

पानफुटी तुझ्या ओळखीची आहे. तीही मादागास्करचीच, याच कुळातली. 1799 मध्ये ती मोलुक्का बेटांवरून नदीपलीकडच्या शिवपूरच्या वनस्पती उद्यानात आणल्याची नोंद आहे. तिचं पान जमिनीवर पडलं तरी कडेच्या खाचांतून रोपं उठतात. कलांचोच्या पानालाही तशाच खाचा दिसतात, पण त्यांतून रोप येत नाही. तेव्हा पानं मातीवर अंथरून वाट बघू नकोस, फांदीच लाव. आणि पानफुटीचं पान औषध म्हणून खातात, तसं कलांचोचं कुणाला खाऊ देऊ नकोस. कलांचोत हृदयावर परिणाम करणारी विषद्रव्यं असतात. घरात मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेव.

नव्या कुंडीत रोप डवरतं, पण फुलत नाही, अशी तक्रार इथे बऱ्याच जणी करतात आणि मग खत ओततात. कारण बहुतेक वेळा रस्त्यावरचा दिवा असतो. कलांचोला कळी धरायला सलग सहा आठवडे लांब, अखंड काळोखाच्या रात्री लागतात. आश्विनापासून रात्री मोठ्या होतात, पण त्याच सुमारास दुर्गापूजेची रोषणाई, आणि दिवा तर बाराही महिने गॅलरीत उजेड टाकतो. पूजेच्या चार रात्रींनी फार बिघडत नाही. रोजच्या दिव्याने बिघडतं. अंधारी बाजू शोध, नाहीतर संध्याकाळी वरून खोका पालथा घाल आणि सकाळी काढ. रोज, न चुकता.

पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत पांढऱ्या कापसासारखा दिसतो. स्पिरिटचा बोळा फिरव, पुरतं.

पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर आणखी एकदा फांद्या लाव. ती रोपं संक्रांतीच्या आसपास फुलतात, हळदीकुंकवाला वाण द्यायला अगदी योग्य. आणि मार्च-एप्रिलच्या फांद्या सगळ्या आपल्याच गॅलरीत ठेवू नकोस. जून लागायच्या आत एक खालच्या मजल्यावर दे, एक हाजरा रोडला महाराष्ट्र निवासात जाशील तेव्हा कुणाला तरी दे, एक माझ्याकडे आणून ठेव. तुझं झाड गेलं तर यांतलीच एखादी फांदी मागून परत लावता येईल.