चिंचेने धुतलेली शिवराई

नाणी जमविण्याचा नाद मला चाळिशीनंतर लागला, आणि उशिरा लागलेल्या नादास जो उतावळेपणा चिकटलेला असतो तो माझ्या ठिकाणी पुरेपूर होता, हे प्रथमच कबूल करतो. आठवडेबाजारात मोडीच्या भांड्यांच्या ढिगातून उचललेली एक शिवराई मी चिंचेच्या कोळाने घासून लखलखीत केली, शिसपेन्सिलीने तिच्या एका बाजूचा ठसा कागदावर उतरविला, आणि या विषयात हयात घालविलेल्या एका वृद्ध संग्राहकांस तो धाडून विचारले, 'नाणे महाराजांच्या काळचे आहे ना? किंमत काय येईल?'

उलटटपाली कार्ड आले. मायना नव्हता, चारच प्रश्न होते. वजन किती? दुसरी बाजू कोठे आहे? नाणे कोठे मिळाले? धुतलेत काय? वास्तविक ज्यास उत्तर द्यावयाचे नसते तो प्रश्न विचारीत बसत नाही. परंतु मला त्यात केवळ तुसडेपणा दिसला, आणि विद्वत्तेच्या मक्तेदारीवर मी दोन पाने असे काही खरमरीत लिहिले की, पुढे सात महिने पलीकडून अक्षर आले नाही.

त्या प्रश्नांचे मर्म मागाहून वाचनाने कळले. शिवराईच्या एका अंगास 'श्री राजा शिव' व दुसऱ्या अंगास 'छत्र पति' अशी अक्षरे असतात. पण शिवछत्रपतींच्या पश्चात पेशवाईतही हे नाणे त्याच नावाने पाडले जात असल्यामुळे नुसते नाव वाचून काळ ठरत नाही. त्यात ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून अक्षरे अर्धीमुर्धीच उमटतात. तेव्हा वजन, अक्षरांची वळणे आणि ओळींमधील रेघा यांवरूनच निवाडा करावा लागतो. तांब्यावर कालांतराने चढलेला काळसर थर हाही एक दाखलाच, आणि तो तर मी स्वहस्ते पुसून टाकला होता. ठिकाणाची विचारपूसही रिकामी चौकशी नव्हे. 1878 च्या निखात निधीच्या कायद्याने जमिनीत सापडलेल्या 10 रुपयांवरील ठेव्याची वर्दी कलेक्टरास द्यावी लागते.

अखेर मी माफीचे पत्र लिहिले. सराफाच्या काट्यावरील वजन, दोन्ही बाजूंचे ठसे, बाजाराचे गाव, माझा स्वतःचा तर्क आणि चिंचेची कबुली, सर्व त्यात घातले. चार पानी उत्तर आले. जुन्या प्रकरणाचा त्यात उल्लेखही नव्हता. ओळींच्या मध्ये दोन समांतर दांड्या असल्यामुळे नाणे 'दुदांडी', म्हणजे उत्तर पेशवाईतले, असा त्यांचा निर्णय होता. मनाजोगे उत्तर नव्हते म्हणून मी आभार मानावयास तीन आठवडे लावले, तेही चुकलेच.

किंमत मात्र त्यांनी अखेरपर्यंत सांगितली नाही. जन्मभर अक्षरे लावीत बसलेल्या माणसास आरंभीच भाव विचारणे म्हणजे गवयाने तंबोरा जुळविण्यापूर्वी त्याच्या बिदागीची चौकशी करणे होय.

आता तशीच पत्रे मजकडे येतात, आणि मायना नसलेले कार्ड लिहिण्याचा मोह मलाही होतो. लिहिणारांस एवढीच विनंती की, वजन ग्रॅममध्ये कळवावे, ठसे दोन्ही बाजूंचे पाठवावे, आणि नाणे कृपा करून धुऊ नये.