९०० ग्रॅम गेले कुठे?

प्रश्न : पुतणीच्या लग्नासाठी मुंबईला गेलो होतो. मुलाकडच्यांनी पंचतारांकित हॉटेलात उतरवलं. जिम, सौना, स्टीम सगळं खोलीच्या भाड्यातच आहे म्हटल्यावर सोडतो कशाला! अर्धा तास ट्रेडमिलवर चाललो, मग सौनात आणि शेवटी स्टीममध्ये बसलो. आधी काट्यावर ७८ किलो ४०० ग्रॅम भरलो होतो, नंतर ७७ किलो ५०० ग्रॅम. घरी येऊन काट्यावर उभा राहिलो, तर पुन्हा ७८ च्या वर. कोणता काटा खोटा? दुसरं म्हणजे, सौनात ८५ अंश तापमान दाखवत होतं. आमच्याकडे मे महिन्यात ४४ ला जीव नकोसा होतो. मग तिथे मी भाजलो कसा नाही?
— एक वाचक, मोताळा (जि. बुलढाणा)

उत्तर : काट्यांवर आळ घेऊ नका, दोन्ही बरोबर आहेत. तुमच्या अंगातून ९०० ग्रॅम खरोखरच गेले होते. फक्त ती चरबी नव्हती, पाणी होतं.

आधी ट्रेडमिलचा हिशेब करू. तुमच्या वजनाचा माणूस अर्धा तास झपझप चालला, तर साधारण १५० कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबी जिरवायला सुमारे ७,७०० कॅलरी खर्चाव्या लागतात. भागाकार केला की हाती येते २० ग्रॅम चरबी, आणि तीसुद्धा सगळा खर्च चरबीतूनच भागला असं मानलं तर. बाकी जवळजवळ सगळा घाम. सकाळच्या बुफेत पाणी, ताक आणि दोन कप चहा पोटात गेला, की तो जागच्या जागी भरून निघतो. शेजारच्या जिलबीचा हिशेब मी मुद्दाम मांडत नाही.

चरबी तुपासारखी वितळते आणि घामावाटे बाहेर पडते, असं पुष्कळांना वाटतं. पोटाला प्लास्टिक गुंडाळून पळणारे लोक याच समजुतीपायी स्वतःला उकडून घेतात. प्रत्यक्षात चरबी शरीरात वितळत नाही, जळते. १० किलो चरबी पूर्ण जळली तर तिचा ८.४ किलो भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातो आणि १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे चरबीचा मोठा दरवाजा नाक आहे, कातडी नव्हे. (म्हणून नुसतेच जोरजोरात श्वास घेऊ नका. वजन उतरणार नाही, चक्कर मात्र येईल.)

कुस्तीगिरांना हे चांगलं ठाऊक असतं. वजनाच्या आदल्या दिवशी ते पाणी तोडतात, घाम काढतात आणि काट्यावरून उतरल्यावर पुन्हा पितात. पण घामालाही मर्यादा असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅमनी जास्त भरली. रात्रभर घाम गाळूनही तेवढे उतरले नाहीत आणि ती बाद झाली.

आता ८५ अंशांकडे वळू. यातलं निम्मं उत्तर तुमच्या घरातल्या कूलरपाशी आहे. मोताळ्यात मे महिन्यात तो गार हवा देतो, कारण हवा कोरडी असते. वाळ्याच्या ताट्यांतलं पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. तोच कूलर जुलैत नुसता चिकचिकाट करतो. सौनातली हवाही अशीच कोरडी असते. तिथे तुमची कातडी वाळ्याची ताटी होते. घाम फुटतो, लगेच उडतो आणि अंग थंड ठेवत राहतो. शिवाय हवा उष्णता सावकाश पोहोचवते. ८५ अंशांच्या पाण्यात बोट घातलं तर क्षणात पोळेल, तेवढ्याच तापलेल्या हवेत दहा मिनिटं बसता येतं.

तापलेल्या दगडांवर कोणी तांब्याभर पाणी ओतलं, तेव्हा एकदम चटका बसल्यासारखं वाटलं असेल. तापमान फारसं वाढलेलं नसतं. हवा दमट होते, घाम उडेनासा होतो, एवढंच.

हेच स्टीमच्या खोलीत सतत चालू असतं. तिथे तापमान जेमतेम ४५ अंश, पण हवा वाफेने गच्च भरलेली. घाम उडायला जागाच नाही. उलट, वाफेपेक्षा तुमचं अंग थंड, म्हणून वाफ अंगावर येऊन तिचं पाणी होतं आणि पाणी होताना ती आपली उष्णता अंगाला देऊन टाकते. पावसाळ्यात गार पाण्याच्या पेल्याबाहेर थेंब जमतात, तसंच हे. स्टीममध्ये घामाच्या धारा लागल्या म्हणून आपण खूश होतो, पण त्यातल्या बऱ्याच धारा भिंतीतल्या नळीतून आलेल्या असतात!

मग मोताळ्याचे ४४ अंश का सोसवत नाहीत? एक तर तो आकडा सावलीतला असतो. उन्हात त्यावर सूर्याचा ताप चढतो. दुसरं, सौनातून तुम्ही दहा मिनिटांत उठून शॉवरखाली जाता. शेतात किंवा मलकापूरच्या बसची वाट पाहताना असं उठून जाता येत नाही.

हे सगळं नव्या जमान्याचं फॅड आहे असंही नाही. १९०३ मध्ये मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडलं तेव्हाच तिथे तुर्की हमाम होता. सौना हा शब्द फिनलंडचा. ‘स्पा’ हे एखाद्या लॅटिन वचनाचं लघुरूप असल्याचं सांगतात, ते काही खरं नाही. स्पा हे बेल्जियममधलं झऱ्यांचं गाव आहे. त्याचंच नाव पुढे या स्नानगृहांना लागलं.

पुन्हा योग आला तर जरूर बसा, पण व्यायामानंतर थोडं थांबून आणि पाणी पिऊन. मद्य घेऊन बसू नका. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि सौनात जाताना गळ्यातली साखळी, अंगठी काढून ठेवायला सांगतात, ते चोरीच्या भीतीने नव्हे. धातू तापला की ती उष्णता झटकन अंगात उतरवतो, लाकूड तसं करत नाही. म्हणूनच तिथले बाक लाकडाचे असतात. आणि बाकावर निवांत टेकलेला माणूस चुकून वर आलेल्या खिळ्यावर सरकला, की ताडकन उठतो.