सकाळची उलटी

वाराणसीच्या लहरतारा भागातलं रेल्वेचं जुनं कर्करोग रुग्णालय 2018 पासून टाटा मेमोरियल सेंटरकडे आहे. आता त्याचं नाव होमी भाभा कॅन्सर हॉस्पिटल. पुढच्याच वर्षी बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात याच संस्थेचं महामना पंडित मदनमोहन मालवीय कॅन्सर सेंटर उभं राहिलं. पूर्वी पूर्वांचलातली माणसं या उपचारांसाठी मुंबईत परळ गाठत. पुष्कळांचा तो प्रवास वाचला. निदानापर्यंतचा मात्र वाचलेला नाही.

मेंदूत गाठ निघालेल्या मुलांचे आईबाप मागचं सांगू लागले की हकीकत बहुधा एकाच वळणाने जाते. मूल सकाळी उठल्या उठल्या ओकतं. ताप नाही, जुलाब नाहीत. ओकून झालं की बरं वाटतं, आणि दहा वाजता ते गल्लीत खेळत असतं! मग कुणी पित्त म्हणतं, कुणी जंत, कुणी शाळा बुडवायचं सोंग. दुर्गाघाटावरच्या मराठी घरात आजी दृष्ट काढते, औषधाच्या दुकानातून उलटीची गोळी येते. डोकं दुखतं म्हटल्यावर चष्म्याचा नंबर काढला जातो. दर उपायानंतर चार दिवस बरे जातात, आणि घात होतो तो त्या चार दिवसांनीच.

गाठ डोक्याच्या मागच्या, खालच्या भागात असेल, आणि मुलांमध्ये ती तिथे वारंवार असते, तर मेंदूभोवती फिरणाऱ्या पाण्याची वाट अडते. पाणी तुंबतं, कवटीतला दाब चढतो. रात्रभर आडवं झोपल्यावर तो आणखी वाढतो, म्हणून त्रास पहाटे. पोटाचा त्यात काहीच दोष नसतो.

ब्रिटनमध्येही या मुलांच्या निदानाला असाच उशीर होत होता, तेही घरटी डॉक्टर ठरलेला असताना. तिथे 2006च्या सुमारास पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत मध्यक काळ 14.4 आठवडे होता. 2011 साली ‘हेडस्मार्ट’ मोहीम सुरू झाली आणि लक्षणांची छोटी कार्डं आईबापांच्या नि डॉक्टरांच्या हाती गेली. पुढच्या काही वर्षांत तो काळ 6.7 आठवड्यांवर आला. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही; खिशात मावणारा कागद. आपल्याकडे लसीकरणाच्या कार्डामागे तो छापायला काय हरकत आहे?

डोकेदुखीची बहुतेक मुलं गाठीची नसतात, हे आधी सांगायला हवं. पण दोन आठवडे उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी चार आठवडे मागे लागली असेल, तर गोळी बदलून भागत नाही. चालताना झोक जाणं, नव्याने आलेला तिरळेपणा, एकाचे दोन दिसणं, मान सतत एका बाजूला कलती ठेवणं, फिट येणं, हसतं मूल मलूल होणं, अक्षर अचानक बिघडणं: यातलं काही जोडीला असेल तर लगेच बालरोगतज्ज्ञ गाठावा. तान्ह्या बाळाचं डोकं भराभर वाढत असेल, टाळू फुगलेली असेल, तरी तेच. वयात येण्याच्या काळात वाढ खुंटणंही यातच मोडतं.

डॉक्टरांपुढे ‘उलट्या होतात’ एवढंच सांगितलं तर औषधही उलटीचंच मिळतं. उलटी किती वाजता होते, त्याआधी डोकं दुखतं का, हे वहीत लिहून न्यावं; चालण्याचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवावा. नेत्रतज्ज्ञाला नुसता नंबर नव्हे, डोळ्याचा मागचा पडदा तपासायला सांगावं. दाब वाढला की तिथली नस सुजलेली दिसू शकते. सूज नाही म्हणून गाठ नाही, असं मात्र नव्हे. डोक्याच्या त्या मागच्या, खालच्या भागातलं सीटी स्कॅनपेक्षा एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतं. खर्चाची धास्ती असतेच. आयुष्मान कार्ड असलेल्या कुटुंबाला रुग्णालयात दाखल झाल्यावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, ते कार्ड पहिल्याच दिवशी सोबत असावं.

मूल हाक मारूनही नीट जागं होत नसेल, गुंगीत असेल, तर ओपीडीच्या वाराची वाट पाहायची नाही. वाढलेला दाब काही तासांत जीव घेऊ शकतो. रात्र असली तरी न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावं आणि दारातच सांगावं: आठवडे झाले, रोज सकाळी ओकतंय.