निवृत्त सैनिकांतील मधुमेहपूर्व अवस्था

सैनिक बहुधा चाळिशीच्या आसपास निवृत्त होऊन सावद्यासारख्या गावी परततो. कवायत सुटते, भूक मात्र तशीच राहते. चरकांनी प्रमेहाचे हेतू सांगताना आसनसुख, अतिनिद्रा, दही, नवान्न व गुळाचे पदार्थ गणले आहेत, ते येथे हुबेहूब जुळतात.

हा रुग्ण आपल्याकडे येतो गुडघ्याच्या तेलासाठी. मधुमेहपूर्व अवस्थेत बहुधा लक्षणच नसते. म्हणून हस्तपाददाह, मुखमाधुर्य या पूर्वरूपांची वाट पाहणे आम्हांस घातक वाटते. आधी हेतू विचारावेत, कमरेला टेप लावावी. पुरुषांत घेर ९० सें.मी. वा अधिक असल्यास रक्ततपासणी सुचवावी. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मि.ग्रॅ. किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के, हा अमेरिकन मधुमेह संघटनेचा निकष. ग्लुकोमीटरच्या आकड्यावर निदान करू नये. प्रयोगशाळेत खात्री करावी. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. तेथील जुने अहवाल जरूर मागावेत.

उपचारात आहारविहार प्रथम. भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाच्या २००६ च्या निष्कर्षांत केवळ जीवनशैलीबदलाने मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. पहाटेच्या चालण्याची वेळ नेमून द्यावी. शिस्त त्यांच्या अंगी असतेच. केळी सर्वस्वी वर्ज्य सांगणारा वैद्य सावद्यात टिकणार नाही. प्रमाण ठरवून द्यावे.

औषधविक्रेत्यांनी मधुमेहाचे चूर्ण देण्यापूर्वी आधुनिक गोळ्या चालू आहेत काय, हे विचारावे. दोन्ही एकत्र घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.